गिळणीवरची वाट

खाड्यांवर अजून पूल झाले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. समुद्राजवळच्या एका खाडीच्या काठी, टेकडीवर एक शाळा होती. येशूसंघाचे फादर ती चालवत. कोळ्यांची, आगऱ्यांची, पानमळ्यांत राबणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची, अशी सगळ्या घरांतली मुलं तिथं शिकत आणि तिथंच राहत.

शाळेसमोर खाडीच्या मधोमध एक जुवं होतं. जुवं म्हणजे चारी बाजूंनी खाडीनं वेढलेलं लहानसं बेट. त्या जुव्यावर फादरांनी एक लांबट कौलारू घर बांधलं होतं. ज्यांना कुणी नाही असे म्हातारे आणि म्हाताऱ्या त्या घरात राहत.

आणि शाळा व जुवं यांच्यामध्ये होती गिळण.

भरतीच्या वेळी ती दिसत नसे. वर पाणी असे आणि पाण्यावर बगळे. ओहोटी लागली की ती उघडी पडे. काळा, गुळगुळीत, चकाकणारा चिखल. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी अंगणच सारवून ठेवलंय. पण त्यात पाय पडला की गुडघा जाई, गुडघा गेला की कंबर जाई, आणि कंबर गेली की माणूस हळूहळू बोलायचा थांबे. चिखलातून सारखे बुडबुडे येत आणि ओठ चाटल्यासारखा आवाज होई. म्हशी त्यात गेल्या होत्या. माणसंही गेली होती. गावातल्या आया रडणाऱ्या लेकरांना भुताची भीती दाखवत नसत. नुसतं खाडीकडं बोट दाखवलं की पुरे.

त्या चिखलातून एक वाट होती. कुठल्याशा जुन्या राजानं दगड टाकून केलेली. पण दगडांवर घोटाभर चिखल साचलेला असे, म्हणून ती डोळ्यांना दिसत नसे, फक्त पायांना कळे. खुणेला खुंट मारले तर उधाण ते उपटून नेई. मध्यावर ही वाट एकदम डावीकडं वळे. त्या जागेला वाकण म्हणत, आणि वाकणाचं नाव काढलं की मोठी माणसंही आवाज खाली करत.

ह्या वाटेनं शाळेतली मुलं दर शनिवारी, ओहोटी साधून, म्हाताऱ्यांच्या सेवेला जात. पाणी भरत, नखं कापत, अंघोळीचं पाणी तापवत, दात नसलेल्यांना पान कुटून देत. मोठे फादर, म्हणजे शाळेचे मुख्य, सांगत, "पुस्तक इथं शिका. बाकीचं तिकडं शिका."

जायची रीत ठरलेली होती. काथ्याचा एक जाड दोर, त्याला हाताहाताच्या अंतरावर गाठी. प्रत्येकानं आपली गाठ धरायची आणि काही झालं तरी सोडायची नाही. पहिली गाठ ब्रदरची. ब्रदर फादरांसारखाच झगा घाले, पण शाळेची विहीर, भाजीचे वाफे आणि दवाखाना तो बघे. हातात लांब काठी घेऊन तो पुढं चाले. शेवटची गाठ शाळेच्या नायकाची. इतर शाळांत नायक रांगेच्या पुढं उभा राहतो. ह्या शाळेत तो सगळ्यांच्या मागं असे. पाठीमागं कुणी नाही, आपण घसरलो तर बघणारं कुणी नाही, अशी ती जागा.

चालता चालता ब्रदर थांबे आणि ओरडे, "पायाखाली काय?"

मग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकानं उत्तर द्यायचं. पायाखाली दगड असेल तर "दगड." नसेल तर "चिखल." एकानं जरी "चिखल" म्हटलं तरी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. तो मुलगा पायानं चाचपून दगड शोधी, सापडला की सांगे, आणि मगच दोर पुढं सरके.

रीत चांगली होती. पण रीत वाकवणारी माणसं बाहेरून यावी लागत नाहीत.

कुणी "चिखल" म्हटलं की थांबावं लागे. थांबलं की आजूबाजूचे बुडबुडे ऐकू येत. भरती परतल्याचा भास होई. म्हणून "चिखल" म्हणणाऱ्याचा सगळ्यांना राग येई. आधी कुणी कुजबुजलं, "किती रे घाबरतोस!" मग कुणी हसलं. हळूहळू मुलांना गिळणीपेक्षा त्या हसण्याची भीती जास्त वाटू लागली. पाय जरा खचला तरी मुलं "दगड" म्हणत आणि पुढच्या पावलाला दगड लागेल अशी मनात प्रार्थना करत. बहुतेक वेळा तो लागेही. त्यामुळं ही खोड कुणाच्या ध्यानात आली नाही.

फक्त एक मुलगा तसं करत नसे. त्याचं नाव हिराजी. तो कोळ्याचा होता. लहान असताना त्याचा काका गिळणीत गेला होता. लोक हिराजीला घेऊन धावत काठावर आले तेव्हा चिखलावर फक्त काकाची लाल टोपी उरली होती, आणि ती कुणाला काढता येत नव्हती. तेव्हापासून हिराजी चिखलाला फार भिई. तो दोर दोन्ही हातांनी धरी. पाय जरा हलका लागला की म्हणे, "चिखल."

"आला! ह्याचा चिखल आला!"

"कोळ्याचा पोर ना रे तू? मग मासे काय झाडावरून काढता काय?"

"ह्याला घरी शेणानं सारवलेली जमीन लागते!"

त्याचं नावच चिखल्या पडलं. हिराजीचे कान लाल होत. पुढच्या वेळी काही बोलायचं नाही असं तो ठरवी. पण पाय हलका लागला की डोळ्यांपुढं लाल टोपी येई, आणि तोंडातून शब्द निघून जाई.

शाळेत दुमिंग नावाचाही एक मुलगा होता. उंच, देखणा, आवाज चर्चच्या घंटेसारखा. पाठांतरात पहिला, धावण्यात पहिला. सगळ्यांना वाटे की नायक होईल तर हाच, आणि दुमिंगलाही तसंच वाटे. गावी त्याच्या बापानं पानमळ्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "नाताळाला पोरगा नायक होऊन येतोय. बघालच."

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. दुमिंगही गिळणीला भीत होता, हिराजीपेक्षा तसूभरही कमी नाही. शनिवार जवळ आला की तो ताटातलं अर्धं टाकून उठे. पण त्यानं त्यावर एक उपाय शोधला होता. ब्रदरची हाक आली की पाय काय सांगतात ते ऐकायच्या आधीच तो ओरडे, "दगड!" इतका ठणठणीत, की ऐकणाऱ्यांना धीर येई. मुलं म्हणत, "दुमिंग असला की कशाची भीती नाही."

नाताळाच्या आधीच्या रविवारी नवा नायक निवडायचा होता. त्याआधी मोठ्या फादरांनी काही मुलांची नावं सांगितली. ह्या मुलांनी आळीपाळीनं शेवटची गाठ धरायची, असं ठरलं. दुमिंगचं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी फादर म्हणाले, "आणि हिराजी," तेव्हा सगळी शाळा हसली.

हिराजी त्यांच्या मागं धावला. "फादर, माझं नाव काढा. मला भीती वाटते."

"कशाची?"

"गिळणीची."

"मलाही वाटते," फादर म्हणाले, आणि वर्गात निघून गेले.

जुव्यावरच्या घरात कातरीन आजी होती. वाळक्या शेंगेसारखी बारीक, पण जीभ मिरचीची. तिची सेवा हिराजी आणि दुमिंग ह्या दोघांकडं होती. दुमिंग पान कुटायला बसला की खलबत्ता साऱ्या घरात वाजे. आजी म्हणे, "दुमिंगा, हळू कूट रे बाबा. पान मला खायचंय. टेकडीवर मोठ्या फादरांना ऐकू जायला नको." हिराजी खलबत्त्याखाली फडकं घाली, कारण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसाच झोपे. आजी ते बघे, पण त्याला काही म्हणत नसे. फक्त कुटलेल्या पानातलं चिमूटभर त्याच्या हातावर ठेवी.

निवडीच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मुलं निघाली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. जुव्यावर पोहोचली, कामाला लागली, आणि समुद्राकडून धुकं आलं. आधी माड गेले, मग विहीर गेली, मग अंगणात उभ्या असलेल्या माणसाला घराचं दार दिसेना.

आणि कातरीन आजीला धाप लागली.

तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ओठ जांभळे पडले होते. ब्रदरनं नाडी बघितली, डोळे बघितले. "हिला दवाखान्यात न्यायला हवं. औषध तिकडं आहे, इथं नाही."

"होडीतून?" कुणीतरी विचारलं.

"होडी चिखलात बसलीये. तरंगायला दुपार होईल. तोवर ही राहायची नाही. आणि आता निघालो नाही तर वाटेवर पाणी येईल."

खुर्चीला दोन बाजूंनी दोन बांबू बांधून डोली केली. चौघा दांडग्या मुलांनी ती खांद्यावर घेतली आणि एकेका हातानं आपापली गाठ धरली. पुढं ब्रदर, मग डोली, डोलीच्या मागं हिराजी, आणि सगळ्यांत शेवटी दुमिंग. आज शेवटची गाठ त्याची होती.

आजी धापा टाकत म्हणाली, "थरथरताय कशाला रे पोरांनो? माझं वजन ते किती? ओल्या लुगड्याएवढं."

ब्रदरनं काठी टेकली आणि सगळे निघाले.

धुक्यात शिरल्यावर ब्रदर दिसेनासा झाला. दुमिंगला फक्त हिराजीची पाठ दिसत होती, तीही मध्येच पुसल्यासारखी होई. दोर पुढं पांढऱ्यात जात होता आणि पांढऱ्यातून आवाज येत होता.

"पायाखाली काय?"

"दगड." "दगड." "दगड." "दगड."

"चिखल," हिराजी म्हणाला.

दोर थांबला. डोली उचललेल्यांपैकी एकजण दात ओठ खात म्हणाला, "चिखल्या, आज तरी! खांदा मोडला माझा!" हिराजीनं पायानं चाचपलं आणि तो उजवीकडं सरकला. "दगड."

"दगड!" मागून दुमिंगचा आवाज घुमला.

थोडं पुढं गेल्यावर सगळ्यांनी तो आवाज ऐकला. लांब कुठंतरी कुणी सुपात तांदूळ पाखडतंय, असा. भरती परत फिरली होती. सगळ्यांची पावलं भरभर पडू लागली.

आणि वाकण आलं.

ब्रदर वळला, डोली वळली, हिराजी वळला. दोर ताणलेला होता. ताणलेला दोर वळणावर कोपरा कापतो आणि शेवटच्या माणसाला दगडावरून खाली ओढतो. म्हणूनच वाकणावर शेवटच्यानं खरं बोलायचं असतं.

दुमिंगचा डावा पाय नडगीपर्यंत गेला. खाली काही लागलं नाही. चिखल गार होता, आणि त्यानं पाय धरला.

"पायाखाली काय?"

पुढून एकेक उत्तर येऊ लागलं. दुमिंगला कळत होतं की आपली पाळी येतेय. एकच शब्द म्हणायचा होता. पण उद्या रविवार होता. बापानं सगळ्या पानमळ्यात सांगून ठेवलं होतं. शेवटच्या गाठीवरून "चिखल" ऐकू आलं तर ही पोरं काय म्हणतील? पाय आत्ता निघेल. एक हिसका, की निघेल.

"दगड," हिराजी म्हणाला.

"दगड!" दुमिंग ओरडला.

दोर पुढं सरकला. दुमिंगनं हिसका दिला आणि त्याचा दुसरा पायही आत गेला. गुडघे गेले. घाबरून त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकला.

झटका दोरावरून पुढं धावला. हिराजी गुडघ्यावर आपटला. डोलीवाल्यांचे पाय घसरले, डोली कलली, आजी किंचाळली. पहिल्या गाठीशी काठी टेकून पाऊल टाकत असलेला ब्रदर कुशीवर पडला आणि मांडीपर्यंत चिखलात गेला. काठी हातातून सुटली. ती कुठं पडली ते धुक्यात दिसलं नाही.

सुपाचा आवाज जवळ आला होता.

"कुणी हलू नका!" ब्रदर ओरडला. "आहात तिथंच थांबा! पायाखाली काय?"

"दगड," एकजण रडत म्हणाला.

"दगड."

"द... दगड."

"दगड, ब्रदर."

ब्रदर स्वतः मांडीपर्यंत रुतला होता. डोली कलली होती ती त्याला अंधूक दिसत होती. सगळ्यांच्या पायाखाली दगड कसा असेल? आणि त्याला एकदम उमगलं की ही मुलं कितीतरी शनिवारांपासून असंच म्हणत आलीयेत. ह्यांतला एखादा दगड खरा असेलही. पण कुठला? चुकीच्या बाजूला एक पाऊल पडलं की आजी गेली आणि चार मुलं गेली.

"हिराजी!" त्यानं हाक मारली. "तुझ्या पायाखाली काय?"

हिराजीच्या डोळ्यांपुढं लाल टोपी होती. त्याचं सगळं अंग सांगत होतं, गाठ सोड, वाटेवरून रांगत मागं जुव्यावर पळ. त्यानं हातानं खाली चाचपलं. आपटलेला गुडघा फुटला होता आणि झोंबत होता. गुडघा मऊ चिखलावर फुटत नाही.

"दगड," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "गुडघ्याखाली दगड आहे, ब्रदर. रक्त येतंय."

मग डोलीच्या बांबूचं पुढचं टोक धरलेला मुलगा, जो नेहमी सगळ्यांत मोठ्यानं हसे, तो ओरडला, "चिखल्या दगड म्हणतोय! ऐकलंत का? चिखल्या म्हणतोय दगड!"

जो मुलगा जरा शंका आली तरी "चिखल" म्हणतो, तो "दगड" म्हणाला होता. त्या धुक्यात एवढी एकच गोष्ट खरी होती.

"सगळे हिराजीकडं!" ब्रदर म्हणाला. "दोर धरून. आधी डोली. हिराजी, तू हलायचं नाहीस. तू हललास तर आपण सगळे गेलो."

हिराजीनं दोराचा कमरेला विळखा घातला. दगडाच्या कडेत टाचा रोवून तो बसला. मुलं दोराला धरून एकेक त्याच्याकडं ओढली जाऊ लागली आणि प्रत्येक ओढीला दोर त्याच्या कमरेत रुतू लागला. तो मोठ्यानं रडत होता, आणि हलत नव्हता.

आधी डोली आली. आजीला त्याच्या शेजारी दगडावर बसवलं. तिनं आपला वाळका हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि धापेतून म्हणाली, "रड रे. रडत रडत धर. मी पण धरलंय तुला." मग मुलं आली. मग पोटावर पालथा होऊन, इंच इंच सरकत ब्रदर आला. मुलं एकमेकांची डोकी मोजू लागली.

"दुमिंग कुठाय?"

मागं धुकं होतं. दोराचं शेवटचं टोक धुक्यात गेलेलं होतं आणि ताठ होतं.

ब्रदरला दम लागला होता. म्हणून पहिल्यांदाच ती हाक हिराजीनं दिली. "दुमिंग! पायाखाली काय?"

काही आवाज आला नाही. नुसते बुडबुडे.

धुक्याच्या पलीकडं दुमिंग कमरेपर्यंत गेला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. आपल्या एका शब्दानं काय झालं ते त्याला समजलं होतं. गप्प राहिलो तर कुणाला कधी कळणारही नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. लोक म्हणतील, दुमिंग शूर होता, गिळणीनं नेला. पानमळ्यात रडतील, पण कुणी हसणार नाही.

"दुमिंग!" हिराजी पुन्हा ओरडला. "अरे, मला भीती वाटतेय! बोल ना!"

दुमिंगनं तोंड उघडलं. जिभेवर सवयीनं तोच शब्द आला. तो त्यानं गिळला.

"चिखल," तो म्हणाला. फार हळू. मग मोठ्यानं, "चिखल! हिराजी, कमरेपर्यंत चिखल आहे! मघाशीही चिखलच होता!"

"हलू नकोस! मागं रेल, झोपल्यासारखा!" ब्रदर ओरडला. डोलीचे बांबू सोडले. ते आडवे टाकून, एकमेकांचे पाय धरून मुलं चिखलावर पालथी झाली. कुणी कुणाला भित्रा म्हटलं नाही, कारण सगळेच रडत होते. दुमिंगला त्यांनी बाहेर काढलं तेव्हा पाणी त्यांच्या मनगटांशी आलं होतं आणि गिळणीनं त्याच्या पायांतल्या वहाणा ठेवून घेतल्या होत्या.

त्याच वेळी टेकडीवरून घंटा ऐकू येऊ लागली. धुकं बघून मोठे फादर स्वतः ती वाजवत होते. आजीला पाठीवर घेऊन, त्या आवाजाच्या दिशेनं, पायांनी चाचपत सगळे निघाले. हाक पावलापावलाला होऊ लागली. "चिखल," कुणी म्हणे. सगळे थांबत. "दगड." सगळे निघत. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांपर्यंत आलं. तरीही कुणी थांबणाऱ्याला घाई केली नाही. असे ते काठाला लागले.

आजी औषधानं वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी पान मागितलं आणि मग सांगितलं, "पुढच्या वेळी मला होडीतून आणा. तुमच्या खांद्यांपेक्षा मासे बरे."

रविवारी सगळी शाळा जमली. ज्यांतून नायक निवडायचा होता त्या प्रत्येकाला मोठ्या फादरांनी एकच प्रश्न विचारला, "सेवेला जाऊन काय शिकलास?"

दुमिंगनं ह्या प्रश्नाचं उत्तर महिनाभर पाठ केलेलं होतं. तो अनवाणी उभा राहिला. पाठ केलेलं त्याला आठवतही होतं. पण तो म्हणाला, "फादर, मी वर्षभर 'दगड' म्हणत होतो. पायाखाली काय होतं ते मला माहीतच नसायचं. मी भीत होतो, आणि ते कुणाला कळू नये एवढंच मी बघत होतो."

मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "मीपण, फादर." मग दुसरा उठला. बघता बघता अर्धी शाळा उभी राहिली.

ब्रदरही भिंतीशी उभा होता. तो म्हणाला, "आणि मी विचारत होतो, पण ऐकत नव्हतो."

मोठे फादर खुर्चीवरून उठले. मग त्यांनी तो काथ्याचा दोर मागवला आणि दुमिंगच्या हातात दिला. "शेवटची गाठ कुणाच्या हातात असली म्हणजे तू पुढं निर्धास्त चालशील? त्याला नेऊन दे."

दुमिंग सरळ हिराजीकडं गेला.

हिराजी मागं सरकला. "मला नको. मला अजून भीती वाटते. कालच्यापेक्षा जास्त वाटते."

"माहितेय," दुमिंग म्हणाला. "म्हणून तर तू 'दगड' म्हणालास की मी पाय टाकीन. धर."

हिराजीनं गाठ धरली, दोन्ही हातांनी, नेहमीसारखी. त्या दिवसापासून त्याला कुणी चिखल्या म्हणून चिडवलं नाही. उलट लहान मुलं ते नाव आपल्याला मिळावं म्हणून भांडू लागली.

दुमिंगनं फादरांकडं एक काम मागून घेतलं. दर शनिवारी निघायच्या आधी तो नव्या मुलांना काठावर ओळीनं उभं करी. प्रत्येकानं एक पाय कडेच्या चिखलात घालायचा, तो गार चिखल पाय कसा धरतो ते नीट जाणायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं, "चिखल!" कुणाचा आवाज लाजेनं बारीक निघाला तर दुमिंग म्हणे, "पुन्हा. आज इथं हा शब्द निघाला नाही तर वाकणावर निघायचा नाही."

मग दोर उचलला जाई. नायक सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राही. समोर गिळण ओठ चाटत पसरलेली असे, आणि मुलं भीत भीत, खरं बोलत, तिच्यावरून पलीकडं जात.

तात्पर्य: आपली भीती जो खरी सांगतो, त्याच्याच धीरावर दुसऱ्याला पाय ठेवता येतो, आणि सेवेच्या वाटेवर पुढारी तोच, ज्याच्या शब्दाखाली दगड असतो.